गुरुवारचं पान

अनिता घरत म्हणजे अष्टमी गावातली टायपिंगची बाई. रोह्याकडून पूल ओलांडून आलं की डाव्या हाताला, शिंप्याच्या दुकानावर, अमोल देवळेकरचा क्लास होता. एका भिंतीला टाइपरायटर, समोरच्या भिंतीला तीन कॉम्प्युटर, आणि मधल्या बोळात दिवसभर अनिता. टायपिंगला येणाऱ्या मुली दरवर्षी कमी होत होत्या. ज्या दिवशी मशीनं भंगाराच्या टेम्पोत चढतील त्या दिवशी आपल्यालाही त्यांच्याच शेजारी बसावं लागेल, हे कळण्याइतकी ती हुशार होती. म्हणून कुणी न सांगताच ती समोरच्या भिंतीकडचं शिकून बसली. नवरा रघुनाथ धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. मूल नव्हतं. त्यावरून सासू रोज एक उसासा टाकायची, आणि अनिता त्या उसाशाला भिंतीवरच्या घड्याळासारखी सरावली होती.

एरवी तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. पण इंटरनेटवर तिच्या नावाचं एक पान होतं. ही नव्व्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा रोह्यात इंटरनेट म्हणजे काय हे सांगायला लागलं की माणसं मान डोलवून विषय बदलत.

पान झालं ते प्रणितमुळे. प्रणित तिचा धाकटा भाऊ. आईबाप पेणच्या खाडीकाठी मिठागरावर राबायचे, तेव्हा हे पोर अनिताच्याच कडेवर वाढलं. बाप काळुराम गेला, अनिताचं लग्न झालं, आणि प्रणित डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. आज आहे, उद्या नाही, असं ते काम. शेवटी अनिताच्या घरामागे राहणाऱ्या सुगराबीच्या फैजलनं त्याला मस्कतला आपल्या कंपनीत लावलं. कॅम्प शहरापासून लांब, फोन महाग. पण साइटच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तिथला क्लार्क पोरांना थोडा वेळ त्याच्यासमोर उभं राहू द्यायचा. फैजलनं आईला फोनवर सांगितलं, "अनितादीदीला बोल, तिनं तिकडून काही लावलं तर आम्हांला इकडं दिसंल."

अनितानं क्लासमधल्या पुस्तकात बघून बघून पान तयार केलं. अमेरिकेतली एक कंपनी फुकट जागा द्यायची, तिथं नाव नोंदवलं. नोटपॅड उघडायचं, चार खुणांच्या मध्ये मजकूर टाकायचा, चढवायचं, झालं. पांढरी जमीन, काळी अक्षरं. मराठी अक्षरं तिकडे उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. वर तिचं नाव, खाली तारीख, खाली बातमी. चित्र नाही, रंग नाही. उघडायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ.

दर रविवारी ती एसटीनं पेणला आईकडे जायची. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारायची, "काय लिहू गो आये?"

सीताबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण काय लिहावं आणि काय लिहू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं. आठवण येते, जीव तुटतो, असलं तिनं कधी सांगितलं नाही. "लिव, काळी कोंबडी खुडूक बसली. लिव, कान्हूनं मोटारसायकल घेतली नि दुसऱ्या दिवशी पडला. लिव, खाडीत निवट्या मिळाल्या, पण खायाला कोण हाय?" एवढं सांगून ती उठायची. गुरुवारी अनिता ते पानावर चढवायची आणि शुक्रवारी मस्कतच्या एका पत्र्याच्या ऑफिसात चारपाच पोरं क्लार्कच्या खांद्यावरून ते वाचायची. फैजल मोठ्यानं वाचून दाखवतो आणि निवट्यांपाशी सगळी हसतात, असं सुगराबी येऊन सांगून गेली. मग सुगराबीही निरोप द्यायला लागली. मग निडी गावची एक बाई. त्या पानाला हळूहळू ओट्याची कळा आली.

हे सगळं अमोलच्या डोळ्यांवर आलं. म्हणजे वाईट अर्थानं नव्हे. अमोल अनिताहून लहान, उत्साही आणि मनानं चांगला पोरगा होता, आणि अशा माणसांना नाही म्हणणं सगळ्यात अवघड. मे महिन्यात तो मुंबईहून एक सीडी घेऊन आला.

"मॅडम, नव्व्याण्णव साल चालू आहे. नोटपॅडमध्ये पान कोण करतं? हे म्हणजे मिक्सर घरात असताना पाट्यावर वाटण."

"पाट्यावरचं चवीला बरं लागतं," अनिता म्हणाली.

"वाटणाऱ्याला नाही लागत. बघा तर खरं. ह्यात टाइपच करायचं नाही, नुसतं उचलायचं आणि ठेवायचं. क्लासची जाहिरात होईल हो, मॅडम!"

पगार तोच द्यायचा. अनितानं पासवर्ड लिहून दिला.

आठवड्याभरात पान ओळखू येईनासं झालं. मागे जास्वंदीची फुलं, वर हलणारी समई, उघडलं की सनईसारखं काहीतरी वाजायचं. पानाचे तीन भाग, तिन्ही वेगळे सरकायचे. खाली आत्तापर्यंत किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा, आणि आकड्याखाली येणाऱ्या-जाणाऱ्यानं चार शब्द लिहायची वही. ती वही अमोलची लाडकी. "लोकांना बोलायला जागा पाहिजे, मॅडम. तुम्ही एकट्याच किती बोलणार?" ते सगळं अमोलच्याच मशीनवरून चालायचं. अनिता मजकूर कागदावर लिहून द्यायची आणि अमोल सवडीनं तो फुलांच्या मध्ये बसवायचा. जी बाई गुरुवारी दहा बोटांनी दोन मिनिटांत काम उरकायची, ती आता दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहून "झालं का?" म्हणायची.

साधं होतं तेव्हाच्या शेवटच्या पानावर आईचा निरोप होता, "कौलं परतायला माणूस मिळत नाय. औंदा पाऊस घरात येल."

पुढच्याच रविवारी माणूस मिळाला. "लिव," सीताबाई म्हणाली, "कौलं परतली. आता गळत नाय." ते वाक्य जास्वंदीच्या फुलांवर बसलं.

जूनच्या शेवटी सुगराबी भिजत आली. फैजलचा फोन आला होता. "प्रणित बोलला, दीदीला सांग, जुनंच बरं होतं. ते उघडतंच नाय म्हणे. फुलं येतात, गाणं अडकतं, नि क्लार्क हटवतो. नि एक इचारलंय त्यानं. घर गळतंय का?"

त्याच वेळी अनितानं सुगराबीला सांगायला हवं होतं, पुढच्या फोनला एवढं बोला, गळत नाही म्हणून. पण फैजलचा फोन महिन्यातून एकदा, तोही घाईचा. दुसऱ्याच्या मुलाच्या फोनमध्ये आपले निरोप किती घुसडायचे, याचीही एक लाज असते. तिला वाटलं, पान नीट केलं की कळेलच. तिनं अमोलला सांगितलं. अमोलचं तोंड उतरलं. म्हणाला, "हलकं करतो, मॅडम. त्यांचं मशीन जुनं असेल. समई काढू का? समईच जड आहे." समई काढली. मग गाणं काढायचं ठरलं. मग अमोलला ताप आला. मग श्रावण लागला. अनिता दर रविवारी आईचा निरोप घेत राहिली, दर गुरुवारी अमोलच्या हातात देत राहिली, आणि गणपती झाल्यावर एकदा त्याच्याशी स्पष्टच बोलायचं, असं ठरवत राहिली.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी सुगराबी परत आली. या वेळी ती दारात बोलली नाही. आत आली, अनिताच्या सासूला ओलांडून स्वयंपाकघरात गेली, आणि अनिताचा पिठानं भरलेला हात आपल्या हातात धरून खाली बसली.

"बेटा, बस."

"काय झालं, चाची?"

"फैजलचा फोन आला. प्रणित टाकीवर चढला होता. कंपनीच्या. पाय सुटला गो."

अनितानं विचारलं, "लागलं फार?"

सुगराबीनं मान हलवली, आणि ती मान नाही कशी म्हणाली ते अनिताला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिलं.

रघुनाथ पहिल्या शिफ्टवरून आला तेव्हा घरात दोन प्रश्न पडून होते. एक, मयत कधी येणार. कागदपत्रांना वेळ लागेल, फैजल धावपळ करतोय, एवढंच कळलं होतं. दुसरा प्रश्न सासूनं काढला.

"सीताबाईकडं गणपती आणलेला असंल."

"आज संध्याकाळी आणतील," अनिता म्हणाली.

"मंग आत्ताच सांगायचं नाय. ऐकलं की सुतक. भावकीत दहा घरांत दीड दिवसाच्या मूर्त्या आल्यात, सगळ्या भिंतीकडं तोंड करून ठेवाव्या लागतील. तिकडचं मरण तिकडं हाय, दीड दिवसात काय बिघडत नाय. तुझं गोत्र बदललं, तू आंघोळ कर नि जा. दरवर्षी जातेस तशी. नाय गेलीस तर वास लागंल."

सासूचा गणपती निडीला, अनिताच्या थोरल्या दिराकडे बसायचा आणि ती उद्या तिकडे जायची होती. तिच्या बोलण्यात त्याही मूर्तीची काळजी होती हे अनिताला कळलं. पण बोलणं खोटं नव्हतं. या भागात असंच करतात. लग्नघरात, सणाच्या घरात मरणाची बातमी दाराबाहेर उभी ठेवतात. सांगणारा तोंड मिटून पंगतीत जेवतो आणि मांडव उतरला की सांगतो. त्यासाठी कुणी कुणाला दोष देत नाही.

रघुनाथ म्हणाला, "तुला जमंल का?"

"आईला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळता कामा नये," अनिता म्हणाली. "मीच सांगणार. गणपती गेला की मीच." तिनं आंघोळ केली आणि दुपारच्या एसटीनं निघाली.

ती पोचली तेव्हा सीताबाई ओसरीवर दुर्वा निवडत होती. अनितानं तिच्याकडे नीट पाहिलंच नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि थेट मागच्या पडवीत जाऊन पितळेची भांडी चिंचेनं घासायला बसली. घासताना खाली बघता येतं. तिन्हीसांजेपर्यंत तिनं घरातलं एकही भांडं सोडलं नाही. आई दोनदा दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी पूजेला शेजारचा कान्हू बसला. दरवर्षी चुलतकाका बसायचे.

"काका नाही आले?" अनितानं विचारलं.

"कंबर दुखते त्यांची," सीताबाई म्हणाली. ती दाराजवळ गुडघा धरून बसली होती. "माझा बी गुडघा धरलाय. मोदकाचं तूच बघ."

म्हातारपण, अनिताला वाटलं. तिनं उकड काढली, मोदक वळले, नैवेद्य दाखवला. आरतीला आई लांबूनच हात जोडून होती. तळहातावर भाजलेलं अनिताला कळलंही नाही.

जेवणं झाल्यावर कान्हू सुपारी कातरत म्हणाला, "अनिताताय, संध्याकाळी पोरांना घेऊन बाजारात जातो. एसटीडीवाल्यानं इंटरनेट घेतलाय. तुझं पान दाखवायचं हाय त्यांना. डोलवीला कामावर सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या आळीचं पान हाय म्हणून. खाली मी माझं नाव बी लिवणार!"

खाली. वही. ज्या वहीत कुणीही चार शब्द लिहू शकतं. मस्कतहून पान उघडत नसेल, पण कुवेत, दुबईची पोरं चांगल्या मशीनवर बसतात, आणि प्रणितला ओळखणारी त्यांत कितीतरी होती.

"कापूर संपलाय," अनिता उठत म्हणाली. "घेऊन येते."

"कापूर हाय की," सीताबाई दारातून म्हणाली.

"पुरणार नाही."

बूथवर गर्दी नव्हती. काचेच्या आत एक फोन, बाहेर लाकडी टेबलावर कॉम्प्युटर. तिनं पान उघडलं. फुलं हळूहळू वरून खाली उतरू लागली. एक ओळ, मग थांबायचं, मग आणखी एक ओळ. ती टेबलाची कड धरून उभी होती. प्रणित असाच उभा असेल, तिच्या मनात आलं. दर शुक्रवारी, क्लार्क हटवेपर्यंत, फुलांकडे बघत.

शेवटी वही आली. सगळ्यांत वर कुवेतच्या कुणीतरी लिहिलं होतं, प्रणितभाय, तुझ्या आईला अल्ला सबर देवो. त्याखाली आणखी एकानं. माणसं चांगली होती. त्यांना सुतकाचं काय ठाऊक?

तिनं अमोलला फोन लावला. काचेला फट होती आणि बूथवाला बाहेर बसून कान टवकारून होता.

"अमोल, ती वही काढायची आहे. आत्ता."

"काय मॅडम, गणपतीत? वहीला काय झालं?"

"नको आहे मला ती."

"अहो, तिच्यामुळंच पान जिवंत आहे. आणि ते माझ्या मशीनवरूनच निघेल. क्लासची किल्ली शिंप्याकडे, शिंपी गावाला. चतुर्दशी होऊ द्या. नोटपॅडवाल्यांना घाई फार!" तो हसला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, आणि अनिताला त्या फट पडलेल्या काचेआडून सांगता येईना.

तिनं फोन ठेवला आणि मशीनसमोर बसली. जागेचा पासवर्ड मूळ तिचाच होता. आत अमोलच्या फायलींचा ढीग पडलेला, एकाही नावावरून काय ते कळेना. कुठली फुलांची, कुठली वहीची? एकेक उपसत बसायला वेळ नव्हता. मग तिला सुचलं, उपसायचं कशाला? पुढचं दार तेवढं बदललं की मागचं घर कुणाला दिसणार? तिनं नोटपॅड उघडलं. पांढरं, रिकामं. चार खुणा बोटांना अजून पाठ होत्या. वर नाव, खाली तारीख.

आणि मग बोटं थांबली, कारण बातमी लिहायची होती. कान्हू येणार होता. पान कोरं दिसून चालणार नव्हतं. तिनं लिहिलं, "प्रणित, आपल्याकडे गणपती बसले." मग, "पूजेला या वर्षी कान्हू बसला." मग, "आई बरी आहे." ते तिनं चढवलं. पुन्हा उघडून पाहिलं. पापणी लवण्याइतका वेळ लागला.

आणि याच कामासाठी तिनं जूनपासून गणपती होण्याची वाट पाहिली होती.

कान्हू दोन पोरांना घेऊन आला तेव्हा ती अजून तिथंच बसलेली होती.

"काय गो ताय, कापूर हितं मिळतो व्हय?" त्यानं वाकून पाहिलं. "अगो, ही काय दशा? फुलं कुठं गेली? तो सनईवाला कुठं गेला? ह्यो तर नुसता तलाठ्याचा दाखला!"

"साधंच बरं असतं," अनिता म्हणाली.

"मी नाव कुठं लिवू मंग?" तो हिरमुसला, आणि मग इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचू लागला. "पूजेला... या वर्षी... कान्हू बसला. आयला! माझं नाव मस्कतला!" त्यानं पोरांच्या पाठीत थाप मारली. "प्रण्या वाचल ना शुक्रवारी?"

"वाचेल," अनिता म्हणाली, आणि कापूर न घेताच घरी आली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मूर्ती निघाली. कान्हूनं डोक्यावर घेतली, आळीतली पोरं ओरडत पुढे. सीताबाई खाडीवर आली नाही. अनिता गेली, आणि आरती झाल्यावर रीतीप्रमाणे काठची मूठभर माती पाटावर घेऊन परतली. सगळ्यांना वाटाण्याचा प्रसाद दिला, दिला, देत राहिली; शेवटी कान्हूही गेला. आता सांगायचं. एसटीत, पडवीत, चुलीपुढे तिनं वाक्य कितीदा जुळवलं होतं. पाट रिकाम्या मखरात ठेवून ती वळली.

सीताबाई दाराजवळच्या आपल्या जागेवरून उठून मखरासमोर येऊन बसली होती. गुडघा बरा होता.

"आता बोल," ती म्हणाली.

अनिता तिच्यासमोर खाली बसली.

"कधी गेला?"

"आये..."

"आल्यापासून बघते मी. दीड वरीस झालं, तू पिशवी हातात ठेवून इचारतेस, काय लिवू गो आये? परवा आलीस नि भांडी घासाय बसलीस. लिवायचं कुणाला, तो मानूसच नसंल, तर इचारशील कशाला?" सीताबाई हे सगळं सरळ आवाजात बोलली, बाजारातली गोष्ट सांगावी तशी. "म्हणून दिराला बोल्ले, घरात बसा, माझ्याकडं कान्हू करील. कान्हू आपल्या भावकीतला नाय. तू तोंडानं सांगितलं नाय तवर मला सुतक नाय. पन मूर्तीला हात लावाया हात उचलंना."

अनिता सगळीकडून झाकत आली होती. कान्हू, अमोल, बूथवाला, कुणालाच तिनं वास लागू दिला नव्हता; कुवेतच्या पोरांची वहीही बंद केली होती. दर रविवारचा एक प्रश्न तेवढा विचारायचा राहिला.

मग तिनं सांगितलं. टाकी, पाय, फैजल. बाहेर पोरं अजून फटाके उडवत होती. बोलणं संपल्यावर सीताबाई पाटावरच्या ओल्या मातीकडे बघत बसली. रडली नाही. तिचं रडणं नंतर आलं, आणि आलं तेव्हा दहा घरांनी ऐकलं. त्या वेळी तिनं एवढंच विचारलं,

"माझं शेवटचं काय पोचलं त्याला?"

अनिताला माहीत होतं. या जगात फक्त तिलाच माहीत होतं. औंदा पाऊस घरात येल. त्यानंतरच्या कोंबड्या, निवट्या, परतलेली कौलं, पावसाळ्याचे सगळे रविवार फुलांमागे राहून गेले होते, आणि काल तिनं स्वतःच्या हातानं ते दार लावून घेतलं होतं. तो टाकीवर चढला तेव्हा त्याच्या डोक्यात त्याच्या आईचं घर गळत होतं.

"कौलं परतली ते," अनिता म्हणाली. "आता गळत नाही म्हणून लिहिलं होतं ना, ते."

"वाचलं त्यानं?"

"वाचलं. फैजलनं सांगितलं."

सीताबाईनं मान हलवली. "मंग बरं. घराची काळजी नाय घेऊन गेला." मग तिनं जमिनीला हात टेकला आणि उठली. वर कौलांकडे बघितलं, एकदाच. "पानी तापव. आंघोळ करायची. नि काकाला हाक मार, आता सांगाया हरकत नाय."

अनिता मागच्या पडवीत गेली. चुलीत लाकडं सरकवली. परवा घासलेला हंडा लखलखत होता. तिनं तो भरून चुलीवर ठेवला. चुलीला जाळ लागेपर्यंत ती तिथंच उकिडवी बसून राहिली. कौलांवर पाऊस वाजायला लागला होता, आणि आत एक थेंबही येत नव्हता.